पाठीवरची वीण : सर्मेशियन सोनं हाताने समजून घेताना

३ जून २०२४

आजपासून ही वही सुरू. काम तीन तुकड्यांचं आहे. एक, कापडावर शिवायच्या सोन्याच्या टिकल्या. दोन, प्राण्याच्या अंगात बसवलेली पिरोजाची कोंदणं. तीन, मेण आणि कापड वापरून ओतलेला कंबरपट्ट्याचा तुकडा. तिन्ही प्रकार दोन हजार आणि त्याहून जास्त वर्षांपूर्वी युरेशियाच्या गवताळ प्रदेशात होत होते.

हुबेहूब नक्कल मला करायची नाही. सर्मेशियन दागिन्यांचे फोटो गेली चार वर्षं मी बघते आहे आणि प्रत्येक वेळी एकाच जागी अडते. ही माणसं घर बांधून राहत नव्हती. गाडे, जनावरं आणि घोडे यांच्याबरोबर ती डॉन, व्होल्गा, उरल या नद्यांच्या काठाने फिरायची. मग त्यांचं सोनं घडवणाऱ्याने पत्रा किती पातळ घेतला असेल, डाग (धातूचा सांधा) कुठे दिला असेल, दगड कशात बसवला असेल? हे फोटोतून कळत नाही. फोटो नेहमी पुढून काढलेला असतो.

बाबांना सांगितलं. ते ठुशीचे मणी ओवत होते. मान वर न करता म्हणाले, "मागची बाजू बघायला मिळते का कुठं? सोनार पाठीवरनं ओळखतात."

७ जून

थोडी पूर्वपीठिका इथे लिहून ठेवते, म्हणजे पुढे गोंधळ व्हायला नको. ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने इ.स.पू. पाचव्या शतकात डॉनच्या पलीकडे राहणाऱ्या सौरोमाती लोकांविषयी लिहिलं. ते सिथियन तरुण आणि ॲमेझॉन स्त्रिया यांचे वंशज, त्यांच्या बायका घोड्यावर बसून शिकारीला जातात, युद्धातही उतरतात, असं तो सांगतो. कथा बाजूला ठेवली तरी या पट्ट्यात बायकांच्या थडग्यांमध्ये खरोखरच शस्त्रं सापडली आहेत. त्यानंतर, साधारण इ.स.पू. चौथ्या शतकापासून इ.स. चौथ्या शतकापर्यंत, पुरातत्त्वज्ञ ज्यांना सर्मेशियन म्हणतात त्या टोळ्यांचा काळ. आओर्सी, सिराकी, रोक्सोलानी, याझिगेस आणि शेवटी अलान. भाषा इराणी कुळातली.

मेलेल्या माणसावर मातीचा मोठा ढिगारा रचायची त्यांची रीत होती. त्याला कुर्गान म्हणतात. आज जे काही सोनं आपल्याला दिसतं, ते बहुतेक सगळं कुर्गानांमधलं.

११ जून

आजचा सबंध दिवस खोखलाच कुर्गानाच्या मुकुटपट्टीत गेला.

१८६४ साली नोव्होचेर्कास्क शहरात पाण्याच्या कामासाठी खोदाई चालली होती, तेव्हा हे थडगं लागलं. इ.स. पहिल्या शतकातल्या एका मोठ्या घरच्या स्त्रीचं. आता तिच्या वस्तू सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात आहेत. पट्टीच्या मधोमध रत्नातून कोरलेला स्त्रीचा अर्धपुतळा आहे, चेहऱ्याची घडण थेट ग्रीक. आणि वरच्या कडेवर झाडं उभी आहेत. त्या झाडांकडे हरणं चालत येतायत, बोकड आहेत, पक्षी आहेत.

पुतळा काळ्या समुद्राच्या काठच्या ग्रीक कारागिराच्या हातचा असावा असं बघताक्षणी वाटतं, पण झाडं आणि हरणं गवताळ प्रदेशाचीच. दोन वेगळ्या जगांतल्या वस्तू एकाच पट्टीवर बसवताना सोनाराने कुठेही माघार घेतलेली नाही. ग्रीक चेहरा मध्ये घेतला आणि आपली हरणं त्याच्या डोक्यावरून चालवली. त्याच थडग्यात सोन्याचा एक पेलाही होता. त्याचा कान म्हणजे एक अख्खा प्राणी, चारी पाय पेल्याला टेकवून वर बघणारा. रोज हातात धरायची जागाच जनावराची!

आपल्याकडे कोल्हापुरी साजाच्या पानड्यांत मासा आणि कासव असतात, पण ते अवतार म्हणून येतात. इथला प्राणी कुठल्याही कथेचा आधार न घेता, नुसता प्राणी म्हणून सोन्यात उतरलेला दिसतो. निदान मला तरी तसाच दिसतो.

१६ जून

सोनाराच्या मुलीला वाचताना त्रास होईल असा भाग. सतराव्या आणि अठराव्या शतकात सायबेरियात थडगी फोडून सोनं काढणाऱ्यांच्या टोळ्याच होत्या. सापडलेलं सोनं वजनावर विकायचं आणि वितळवायचं, हा सरळ धंदा. किती हरणं, किती वाघ मुशीत गेले त्याचा हिशेब नाही.

१७१५ मध्ये देमिदोव या उरलमधल्या खाणमालकाने झार पीटरच्या राणीला मुलगा झाल्याबद्दल अशा जुन्या सोन्याच्या वस्तू नजर केल्या. पीटरला त्यांचं मोल कळलं. सायबेरियाचा गव्हर्नर गागारिन याने पुढच्या काळात आणखी वस्तू पाठवल्या, आणि १७१८ मध्ये जमिनीत सापडणाऱ्या जुन्या, नवलाच्या वस्तू जमा कराव्यात असा पीटरचा हुकूम निघाला. आज हर्मिटाजमध्ये पीटरचा सायबेरियन संग्रह म्हणून जे आहे, ते त्यामुळे वाचलं.

ॲमस्टरडॅमच्या निकोलास विटसेनकडेही असा संग्रह होता. १७१७ मध्ये तो वारला, पुढे वस्तू विकल्या गेल्या आणि नाहीशा झाल्या. त्यांची छापलेली चित्रं तेवढी उरली आहेत. ती चित्रं मी आज भिंगातून पाहिली. चित्रकाराने पुढची बाजू मन लावून काढली आहे. पाठ त्या वितळलेल्या सोन्याबरोबर गेली.

२३ जून

काम सुरू. बाबांनी एक ग्रॅम चोख सोनं दिलं. म्हणाले, तांब्यावर शिकशील ते तांब्याचंच शिकशील.

आधी हिशेब मांडला. एक ग्रॅम सोन्याचा १ मिलिमीटर जाडीचा पत्रा केला तर अर्धा चौरस सेंटिमीटर होतो, म्हणजे करंगळीच्या नखाएवढासुद्धा नाही. तोच ०.०५ मिलिमीटरपर्यंत उतरवला तर दहा चौरस सेंटिमीटरांहून थोडा जास्त भरतो. ठोकायचं, ताव द्यायचा (तापवून मऊ करायचं), पुन्हा ठोकायचं. दोन दिवस ऐरणीवर गेले. शेवटी ३२ मिलिमीटर बाजूचा चौकोन मिळाला आणि त्यातून ८ मिलिमीटरच्या सोळा टिकल्या निघाल्या. एकीचं वजन अर्ध्या गुंजेच्या आसपास.

ठसा हाडावर कोरला होता, मध्ये एक थेंब आणि भोवती चार टिंबं. लाखेवर टिकली ठेवून ठशावर एकच हलका ठोका. दुसरा ठोका दिला की आकार दुहेरी उमटतो. सोळातल्या तीन अशा बिघडल्या.

१ जुलै

टिकल्या शिवल्या. सगळ्यात जास्त आज शिकले.

नमदा (लोकर दाबून केलेलं जाड कापड) मिळाला नाही, म्हणून घोंगडीचा तुकडा घेतला. प्रत्येक टिकलीला समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत भोक. मी भोकं पुढून पाडली, कारण पुढून बघत काम करायची सवय. त्याने सोन्याची कड मागच्या बाजूला उठली आणि चार टिकल्यांचा दोरा संध्याकाळपर्यंत कापला गेला. मग भोकं मागून पाडून बघितली. कड पुढे उठते, तिथे ती घासून दाबता येते. अनेक जुन्या टिकल्यांना पाठीमागे छोटी कडी जोडलेली असते, ती का, हे आज पटलं. कडीत दोऱ्याला धार लागत नाही आणि पुढून भोकही दिसत नाही. पण सोळा टिकल्यांना सोळा कड्या म्हणजे सोळा डाग. हजार टिकल्यांना हजार.

आणि हजारांचाच हिशेब होता. अझोव शहराजवळच्या दाची कुर्गानात १९८६ मध्ये उत्खनन झालं. मुख्य थडगं चोरांनी कधीच रिकामं केलं होतं, पण बाजूचा एक गुप्त खड्डा त्यांच्या नजरेतून सुटला. त्यात घोड्याचा साज सापडला, हजारो सोन्याच्या टिकल्यांसह. घोड्याच्या अंगावर!

घोंगडीचा तुकडा खांद्यावर घेऊन जिना चढले-उतरले. प्रत्येक पावलाला टिकल्या वेगवेगळ्या कोनात हलतात आणि वेगवेगळ्या वेळी चमकतात. जाड पत्र्याची टिकली कापडाला खाली ओढते, सुरकुती पडते. पातळ टिकली कापडाबरोबर वळते. वाकते, पण तुटत नाही, आणि नखाने सरळ करता येते. पातळपणाचं कारण काटकसर असेल असं मी धरून चालले होते. काटकसर असेलही. पण हे सोनं चालत्या अंगासाठी घडवलं आहे, ही गोष्ट मला जिन्यात कळली.

४ जुलै

परवाच्या विचाराला जोड. उत्तर अफगाणिस्तानातलं तिल्या तेपे, १९७८-७९ मध्ये व्हिक्टर सारियानिदी यांनी उघडलेली सहा थडगी, वीस हजारांहून जास्त सोन्याच्या वस्तू. ती माणसं सर्मेशियन नव्हेत, पण त्यांचं पिरोजाचं काम डॉनच्या काठच्या कामाचं सख्खं भावंड वाटतं. तिथल्या सहाव्या थडग्यात एका स्त्रीचा मुकुट आहे. त्याची पाच झाडं पट्टीपासून सुटी होतात. झाडांच्या मागे नळ्या आहेत, त्यात खुंट्या अडकवून ती उभी करायची. काढली की सगळा मुकुट सपाट होऊन एखाद्या बटव्यात मावेल. झाडांवर थरथरणाऱ्या चकत्या.

बाबांना फोटो दाखवला. बराच वेळ बघून म्हणाले, "हे मोडून ठेवायसाठी केलेलं हाय. मोडकं नव्हं."

१४ जुलै

सरी. हा शब्द मराठीत आहे याचा आज फार आनंद झाला, कारण कोब्याकोवोच्या दागिन्याला दुसरा शब्द मला चालला नसता. गळ्यात घालायचं अखंड, ताठ कडं.

डॉनच्या काठच्या रोस्तोव शहराजवळ, कोब्याकोवोच्या दहाव्या कुर्गानात, १९८७ मध्ये एका तरुण स्त्रीचं थडगं सापडलं. तिच्या डोक्यावरच्या वस्त्रावर सोन्याच्या पातळ पत्र्यातून कापलेली हरणं, पक्षी आणि झाड शिवलेलं होतं. तिच्याजवळ चिनी आरसा होता. आणि गळ्यात ही सरी, जाळीकामाची, पिरोजांनी भरलेली. मधोमध मांडी घालून बसलेला दाढीवाला माणूस, मांडीवर तलवार, दोन्ही हातांत पेला. त्याच्या दोन्ही बाजूंना अजगरासारखे प्राणी आणि माकडतोंडी, चिलखत घातलेले योद्धे झुंजतायत. झुंज गळ्याभोवती फिरते आणि तो माणूस शांत बसलेला.

तो कोण, याविषयी पुष्कळ लिहिलं गेलंय. मी त्याच्या हातांकडे बघत राहते. पेला धरलेली बोटं इतक्या लहान जागेत एकेक वेगळी काढलेली आहेत.

२१ जुलै

पिरोजे आणले होते. कापसाला ॲसिटोन लावून पुसले तर कापूस निळा झाला. रंगवलेला पांढरा दगड. विकणाऱ्याने अस्सल म्हणूनच दिले होते, आणि मी त्याच्या शब्दावर पैसे मोजले. आठवडा गेला आणि पैसेही. जुन्या एका मोडीच्या कुड्यांमधून बाबांनी चार खरे दगड काढून दिले. एवढ्यातच भागवायचं.

खरा पिरोजा मऊ असतो आणि सच्छिद्र. तेल पितो, उष्णतेने रंग सोडतो. म्हणजे दगड बसवल्यावर आच लावता येत नाही. सगळे डाग आधी, दगड शेवटी.

३ ऑगस्ट

दुसरा तुकडा: झोपलेलं हरीण, चांदीत, मांडीवर आणि खांद्यावर पिरोजाची घरं.

सर्मेशियन प्राण्यांच्या अंगावर हे ठरलेलं चिन्ह असतं. स्नायू जिथे फुगतो तिथे थेंबासारखं, बदामासारखं किंवा स्वल्पविरामासारखं घर, आणि त्यात निळा दगड. इराणच्या अकेमेनिड साम्राज्यातले कारागीरही सिंहाच्या मांडीवर असेच आकार काढायचे, तिथून ही खूण गवताळ प्रदेशात रुळली. तिथेही काही दागिन्यांत त्या जागी रंगीत दगड बसवलेले आहेत. सर्मेशियन सोनाराने ती रंगाची जागा आपलीशी केली.

पातळ चांदीची पट्टी वळवून स्वल्पविराम केला, सवागी (टाकणखार) लावून डाग दिला. घर छान झालं. दगड मात्र सहाणेवर घासताना शेपटीत तुटला. दुसरा घेतला, तोही तिथेच तुटला. चारांतले दोन गेले. रात्री पुन्हा फोटो मोठे करून बघितले. त्यांची शेपूट माझ्यासारखी निमुळती नाहीच. आखूड, जाड, टोकाला बोथट. मी छापील स्वल्पविराम काढत होते. त्यांनी दगडाला झेपेल तेवढीच शेपूट काढली होती.

पट्टी उकलून घर नव्याने वळवलं. तिसरा दगड लाखेवर बसला. हरणाची मांडी एकदम जिवंत झाली, आता उठेल अशी.

जुन्या वस्तूंत कितीतरी घरं आज रिकामी आहेत. आतापर्यंत मला ती नुकसान वाटायची. आता मी त्यांच्या तळाकडे बघते.

१० ऑगस्ट

पावसामुळे काम बंद, म्हणून वाचन. ग्रीक लेखक स्ट्रॅबोच्या भूगोलात आओर्सींबद्दल एक वाक्य आहे, ते आज दहा वेळा वाचलं असेल. हे लोक उंटांवरून भारतीय आणि बाबिलोनी माल आणत, तो त्यांना आर्मेनियन आणि मीड लोकांकडून मिळे, आणि या श्रीमंतीमुळे ते सोन्याचे दागिने घालत. म्हणजे डॉनच्या काठच्या त्या सोन्याच्या किमतीत भारताच्या मालाचा वाटा होता. दाचीच्या खंजिराच्या म्यानावर शिकारी पक्षी उंटावर तुटून पडतो आहे, पुन:पुन्हा तेच दृश्य. त्या उंटाकडे मी आता वेगळ्या नजरेने बघते.

तिल्या तेपेच्या चौथ्या थडग्यात, म्यानावर असाच पिरोजा मिरवणाऱ्या पुरुषाजवळ, सोन्याची एक भारतीय मुद्राही होती. खरोष्ठी लिपीत अक्षरं, चाक ढकलणारा माणूस, धर्मचक्र फिरवणारा.

भाषेचंही एक सापडलं. अलानांच्या बोलीची आजची वारस म्हणजे कॉकेशसमधली ओसेटियन भाषा. तिच्यात सोन्याच्या शब्दाचा गाभा ‘झॅरिन’. तोच जुन्या इराणी धर्मग्रंथात, अवेस्तात, ‘झरन्य’ आणि संस्कृतात ‘हिरण्य’. बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, आजऱ्याची हिरण्यकेशी नदी तीच की. तीच.

पंचांगात शके १९४६ लिहिलंय. पर्शियन लोक सगळ्याच सिथियन टोळ्यांना शक म्हणत, असं हिरोडोटस नोंदवतो. त्यातल्या शकांची एक शाखा नहपान राजाच्या रूपाने नाशिकपर्यंत पोचली. १९०६ मध्ये जोगळटेंभीला त्याची तेरा हजारांवर चांदीची नाणी सापडली, त्यातल्या बऱ्याच नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारून घेतलेला. ते सर्मेशियनांचे चुलतभाऊ म्हणायचे. याच्या पुढे नातं ताणायची मला इच्छा नाही.

२५ ऑगस्ट

तिसरा तुकडा, ज्याच्यासाठी खरं तर हे सगळं सुरू केलं.

पीटरच्या संग्रहात कंबरपट्ट्याच्या जड पट्ट्यांच्या जोड्या आहेत, एक डावी, एक उजवी, आरशातल्यासारख्या. एका जोडीवर झाडाखाली बाई बसली आहे, तिच्या मांडीवर डोकं ठेवून पुरुष पडला आहे, झाडाला भाता लटकतोय, आणि शेजारी एक माणूस दोन घोडे धरून बसलाय. अशा पट्ट्यांपैकी काहींच्या पाठीवर कापडाची वीण उमटलेली आहे. सोन्यावर उभे-आडवे धागे!

कारण असं सांगतात: मातीच्या साच्यात मेणाचा पातळ थर दाबायचा, पाठीवर कापड चिकटवायचं, मग मेण कापडासकट उचलायचं. त्यावर माती लिंपून भट्टीत टाकलं की मेण वितळून जातं, कापड जळून जातं आणि दोघांच्या जागी सोनं भरतं.

आधी कापडाविना केलं. साच्यातून उचलताना मेण तीनदा फाटलं. थोडं जाड केलं तर उचललं गेलं, पण मग धातू दुप्पट लागला असता. चौथ्या वेळी मांजरपाटाचा तुकडा गरम मेणावर दाबला. सगळं एकदम, सालीसारखं निघून आलं. मी तसंच हातात धरून बाबांना दाखवायला पळत गेले.

५ सप्टेंबर

गणपती परवावर. दुकानात चांदीच्या दूर्वा आणि जास्वंदीची फुलं यांचीच गर्दी. वहीला हात नाही.

१५ सप्टेंबर

ओतकाम फसलं. साचा वरून कोरडा दिसला म्हणून मी घाई केली. आत ओल होती. चांदी ओतताच वाफ फुटली, धातू उसळून बाहेर आला. कुणाला लागलं नाही. चूक माझीच, पावसाळ्यात साचा दोन दिवसांत वाळत नाही हे मला माहीत होतं.

२९ सप्टेंबर

या वेळी साचा अकरा दिवस चुलीजवळ ठेवला. काल ओतला, आज सकाळी फोडला.

पुढची बाजू बरी आहे. घोड्याचा एक मागचा पाय नीट भरला नाही. मग उलटा केला, ब्रशने माती झाडली. मांजरपाट तसाच आहे. उभे धागे, आडवे धागे, एका जागी विणकराकडून सुटलेली गाठसुद्धा. जळून गेलेलं कापड चांदीत शिल्लक राहिलं आहे.

बाबांनी चष्मा लावला, तुकडा पालथा धरला आणि अंगठ्याचं नख विणीवरून आडवं ओढलं. खर्र असा आवाज आला. त्यांनी तो पुन्हा काढला. मग काट्यावर ठेवला: ३१ ग्रॅम. कापडाविना केलेलं मेण भरलं असतं तर साठाच्या घरात गेला असता.

"घासून गुळगुळीत करायची न्हाई पाठ," म्हणाले.

नाही करणार. आता जोडीतला दुसरा, उलट्या तोंडाचा. त्याची माती आज दुपारी मळली आहे, ओल्या फडक्याखाली ठेवली आहे. घोड्याचा मागचा पाय या वेळी जरा जाड कोरायचा.